सावकाश्याची स्पोर्ट्स कार

आमच्या डेपोत दोनशे दहा ड्रायव्हर होते, आणि त्यांतला सगळ्यात हळू गाडी चालवणारा माणूस नेमका माझ्या नशिबी आला. महिना-दोन महिने नाही, तब्बल एकोणीस वर्षं. तो पुढे स्टिअरिंगवर आणि मी मागे, गळ्यात तिकिटांची पेटी अडकवलेला कंडक्टर. मला लहानपणापासून घाईची खोड. मी उभ्या उभ्या जेवतो, आणि हात धुतल्यावर मला आठवतं की भाजी वाढूनच घेतली नव्हती. असल्या माणसाला असला ड्रायव्हर!

कुणी काहीही म्हटलं तरी त्याचं उत्तर एकच असायचं, "सावकाश." मागचा ट्रकवाला हॉर्न बडवून बडवून बेजार झाला, तरी सावकाश. साहेबांनी उशीर का झाला म्हणून विचारलं, तरी "सावकाश आलो, साहेब." एकदा चढावर एका सायकलवाल्या बाईंनी आमच्या बसला मागे टाकलं आणि वळून हात केला. मी लाजेने पेटीत तोंड खुपसलं. याने मात्र आनंदाने उलट हात केला. म्हणून त्याचं नाव पडलं सावकाश्या. खरं नाव हजेरीच्या वहीत होतं, ते तिथेच राहिलं. मला तो मास्तर म्हणायचा.

तर असा हा सावकाश्या एका रविवारी सकाळी माझ्या दारात उभा राहिला. बगलेत गुंडाळलेला कागद होता. चपला न काढताच म्हणाला, "मास्तर, मी स्पोर्ट्स कार बनवायला घेतोय. घरी. छंद म्हणून."

मला असं हसू फुटलं की चहाची कपबशी खाली ठेवावी लागली. हसता हसता त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि माझं हसू अर्ध्यावरच राहिलं. कारण तीन वर्षं झाली होती, सावकाश्याने कुठल्याही गाडीचं स्टिअरिंग हातात धरलं नव्हतं. ते का, हे सांगितल्याशिवाय पुढचं सांगण्यात अर्थ नाही. सांगायला मला आवडत नाही, पण सांगतो.

बसमध्ये छताला लागून एक दोरी असते. कंडक्टरने ती ओढली की ड्रायव्हरच्या डोक्याशी घंटी वाजते. एक घंटी म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. मागे काय चाललंय ते ड्रायव्हरला दिसत नाही, म्हणून मागचे डोळे कंडक्टरचे. त्या दिवशी वाचनालयाच्या थांब्यावर बस खच्चून भरली होती. मी मधोमध उभा राहून एका तिकीट हरवलेल्या माणसाशी हुज्जत घालत होतो. मान उंचावून मागच्या दाराकडे बघितलं, दार मोकळं वाटलं, दोनदा दोरी ओढली. दार मोकळं नव्हतं. काठी टेकत चालणाऱ्या एक निवृत्त शिक्षिका शेवटच्या पायरीवर होत्या. उतरता उतरता आत राहिलेली पिशवी घ्यायला त्या वाकून मागे वळल्या होत्या, आणि गर्दीच्या डोक्यांआडून मला दिसल्या नाहीत. बस जेमतेम हातभर पुढे गेली. बाई पडल्या आणि त्यांचा खुबा मोडला.

चौकशी झाली. साहेबांनी विचारलं, "घंटी झाली होती का?"

सावकाश्या म्हणाला, "घंटी झाली तरी आरसा बघणं माझं काम. मी बघितला नाही."

हे खोटं होतं. एकोणीस वर्षांत आरसा न बघता त्याने गाडी सोडलेली मला आठवत नाही. त्या दिवशीही बघितला असणार, फक्त आतल्या गर्दीपलीकडे आरशात काही दिसण्यासारखं नव्हतं. मी समोरच्याच बाकावर बसलो होतो. मी उठून म्हणायला हवं होतं की साहेब, घाई माझी होती, घंटी माझी होती. मी मूग गिळून बसलो. त्याच्या कागदांत ताकीद लागली, माझे कागद कोरे राहिले. पुढच्या सोमवारी त्याने स्वतःच अर्ज दिला की ड्रायव्हिंग नको. त्याला डेपोच्या स्टोअरमध्ये टाकलं. जाळीच्या खिडकीतून नट, बोल्ट, दिव्यांचे बल्ब देत बसायचं काम. डेपोतली बस चार हात मागे घ्यायला कुणी सांगितलं तरी हा हात मागे बांधून उभा राहायचा. कामावर यायचा तोही पायी.

बाई सहा महिन्यांत पहिल्यासारख्या काठी टेकत हिंडू लागल्या. आम्ही दोघं बिस्किटांचा पुडा घेऊन त्यांच्याकडे जायचो आणि सावकाश्या खुर्चीच्या कडेवर बसायचा. एकदा त्या म्हणाल्या, "अहो, माझा पाय बरा झाला. तुमचा कधी होणार?" तो हसला आणि त्याने एक बिस्किट खाल्लं.

त्याने पुन्हा गाडी चालवावी, एवढंच मला हवं होतं. त्याच्यासाठी म्हणा, नाहीतर माझ्यासाठी म्हणा.

म्हणून त्या रविवारी मी हसू आवरलं आणि कागद उलगडला. ड्यूटीच्या जुन्या तक्त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलीने एक गाडी काढली होती. लांब नाक, मागे दोन माणसांपुरती जागा, चारी चाकं अंगाबाहेर. एकूण प्रकार चाकं लावलेल्या बुटासारखा दिसत होता. त्याने समजावून सांगितलं की चौकोनी लोखंडी पाइप कापून, जोडून सांगाडा करायचा, ठोकर बसलेली एखादी छोटी गाडी भंगारातून आणायची, तिचं इंजिन, चाकं, ब्रेक या सांगाड्यात बसवायचे. जगभर लोक घरी असल्या गाड्या बनवतात म्हणे.

"छप्पर?" मी विचारलं.

"नाही."

"दारं?"

"नाहीत."

"मग चढायचं कसं?"

"चढायचं नाही. पाय टाकायचा आणि बसायचं."

"पायरी तरी?"

"पायरीच नाही, मास्तर." त्याने हाताची वीत जमिनीला टेकवून दाखवली. "सीट जमिनीपासून एवढी वर. यातून माणूस पडलं तरी पडणार कुठे? आणि मागे कुणी नाही. एक मी, एक शेजारी. दोघंही डोळ्यांसमोर."

लोकांना स्पोर्ट्स कार हवी असते ती वेगासाठी. या माणसाला ती हवी होती कारण तिला पायरी नसते. मी खेकसलो, "आणि चालवणार कोण?"

"आधी बनू दे," तो म्हणाला. "सावकाश."

डेपोच्या क्वार्टर्समागे जुनी टायरची शेड होती. पुढे मोठं मोकळं पटांगण, पटांगणाच्या टोकाला पाण्याची टाकी. ती शेड साहेबांनी त्याला वापरायला दिली. दिली म्हणजे काय, वहिनींनी मिळवली. त्याची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीत बसतात. रोज तीनशे आजारी माणसं आणि त्यांचे सहाशे नातेवाईक त्या एकट्या आवरतात. त्यांनी साहेबांना दोन मिनिटांत आवरलं.

भंगारवाल्याकडून एक लाल गाडी आली. तिचं मागचं अंग चेपलेलं, पण इंजिन ठणठणीत. पुढचे सहा रविवार आम्ही ती सोलत होतो. स्टोअरमध्ये बसून सावकाश्याला सवय लागलेली. प्रत्येक बोल्ट डब्यात, डब्यावर चिठ्ठी, चिठ्ठीवर तो कुठून काढला ते. एक वॉशर माझ्या हातून सांडून कुठेतरी घरंगळला, तर याने मला तासभर शेडभर रांगायला लावलं. शेवटी वॉशर सापडला तो माझ्याच पँटच्या दुमडीत. वहिनी दारात उभ्या राहून बघत होत्या. म्हणाल्या, "भाऊजी, तुमच्यावरही एक चिठ्ठी लावायला सांगते यांना. कुठून काढला आणि कुठे बसवायचा."

मग बसण्याचं माप. त्याने दोन मोडक्या खुर्च्यांचे पाय कापले, त्या जमिनीवर मांडल्या, समोर विटा रचून पेडल केले आणि वहिनींना शेजारी बसायला सांगितलं. वहिनी आपली काळी पर्स मांडीवर घेऊन बसल्या. ती पर्स त्यांना कधी सोडत नाही, का त्या पर्सला, देव जाणे. सावकाश्याने खडूने दोघांभोवती रेघ मारली. "एवढी रुंदी पुरेल?" त्याने विचारलं.

"पर्सला कुठे ठेवायचं?" वहिनी म्हणाल्या.

चार बोटं रुंदी वाढली. पुढे सहा महिने त्या गाडीचा प्रत्येक आडवा पाइप वहिनींच्या पर्सच्या हिशेबाने कापला गेला.

आता त्याच्या चुका सांगतो, कारण त्या सांगताना मला अजून गुदगुल्या होतात. त्याने डेपोच्या वेल्डरकडून काम शिकून घेतलं, मुखवटा आणला, पाइप फळीवर मांडून कोपरे जुळवले आणि जोडायला सुरुवात केली. संध्याकाळी सांगाडा फळीवरून उतरवला तर तो लंगड्या टेबलासारखा डुगडुगतोय. एक कोपरा बोटभर वर. रात्रभर त्याला झोप नाही. दुसऱ्या दिवशी वेल्डर आला, त्याने चहूबाजूंनी फिरून बघितलं आणि विचारलं, "कुठून सुरुवात केलीस?"

"पुढच्या डाव्या कोपऱ्यापासून."

"मग?"

"मग त्याच्या पुढचा. मग त्याच्या पुढचा. ओळीने."

वेल्डरने कपाळावर हात मारला. "अरे, ही काय बस आहे, सगळे थांबे ओळीने घ्यायला? एका बाजूला सगळा ताप दिलास, लोखंड तिकडे ओढलं गेलं. इकडचा एक सांधा घ्यायचा, मग पार समोरच्या टोकाचा एक. मधले सोडून द्यायचे."

सावकाश्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. तीस वर्षांत त्याने एक थांबा गाळला नव्हता. रिकाम्या थांब्यावरही गाडी उभी करून दोन श्वास वाट बघणारा माणूस हा. मधले सोडून द्यायचे म्हणजे त्याच्या जिवावर आलं. सगळे सांधे पुन्हा कापले. या वेळी मी शेजारी उभा राहून आकडे ओरडत होतो, "एक! आता नऊ! आता चार!" आणि मुखवट्याआड तो दर वेळी पुटपुटायचा, "मधले राहिले, मास्तर." सांगाडा सरळ झाला. चारी कोपरे जमिनीला टेकले तेव्हा आमचा जीव भांड्यात पडला.

दुसरी चूक स्टिअरिंगची. बसचं स्टिअरिंग आडवं असतं, ड्रायव्हर त्यावर ओणवा होऊन बसतो. याने सवयीने गाडीलाही तसंच बसवलं. मापं घेतली, दांडा जोडला, सगळं झाल्यावर आत बसायला गेला तर गुडघे स्टिअरिंगच्या चाकाखाली अडकले. मागे येता येईना, पुढे जाता येईना. वहिनी चहा घेऊन आल्या आणि त्यांनी कपबशी त्या चाकावर ठेवली. कप जराही कलंडला नाही. "छान झालंय," त्या म्हणाल्या. "जेवायला बसतानाही उपयोगी पडेल." त्याला बाहेर काढायला आम्हाला चाकच उतरवावं लागलं.

असे रविवार गेले आणि सावकाश्याच्या चेहऱ्यावर रंग आला. तो शीळ घालू लागला. मात्र मी कधी म्हटलं की आता महिन्याभरात चालवशील, की त्याची शीळ थांबायची. हळूहळू माझ्या लक्षात आलं, काम संपत आलं की तो काहीतरी नवीन उकरून काढतो. ब्रेकच्या नळ्या दोनदा बसवल्या. बरी असलेली हँडब्रेकची तार बदलली. गाडी पूर्ण व्हावी असं त्याला वाटतही होतं आणि वाटत नव्हतंही.

एकदा तो गाडीखाली पडून काम करत होता. फक्त पाय बाहेर. तोंड दिसत नव्हतं, म्हणून माझी हिंमत झाली. मी म्हटलं, "त्या दिवशी घंटी मी घाईने दिली. चौकशीत मी बोलायला हवं होतं. नाही बोललो."

गाडीखालून एक काळवंडलेला हात बाहेर आला. "दहाचा पाना दे."

"मी काय म्हणतोय ते ऐकलंस का?"

"ऐकलं. दोरी तुझ्याच हातात असते, मला माहीत नव्हतं का? पाना दे."

मी पाना दिला. खाली थोडी खुडबुड झाली आणि मग तो आपणहून बोलायला लागला. इतकं सलग मी त्याला कधी बोलताना ऐकलं नव्हतं. "मला तुझ्या घंटीची भीती नाही रे वाटत. मला या पायाची भीती वाटते. तीस वर्षं क्लचवर आहे हा पाय. रस्त्यावरचा खडा याला कळतो. आणि त्या दिवशी मागे एक माणूस पडलं आणि याला काही म्हणजे काही कळलं नाही. लोक ओरडले तेव्हा कळलं. मग याच्यावर भरवसा ठेवायचा कसा?"

मी जमिनीवर बसून राहिलो. माझे डोळे भरून आले होते, आणि तो गाडीखाली होता हे फार बरं झालं.

घरी निघालो तेव्हा वहिनी फाटकापर्यंत आल्या. म्हणाल्या, "बोललात ना एकदाचे?"

मी चपापलो. "तुम्हाला माहीत होतं? त्याने सांगितलं?"

"हे कसले सांगतायत! पण भाऊजी, एकोणीस वर्षं घरी आल्यावर तुमच्या नावाशिवाय यांचं जेवण झालं नाही. मास्तर असं म्हणाला, मास्तर तसं म्हणाला. कान किटले माझे. त्या दिवशी सगळं सांगितलं, बाई सांगितल्या, पिशवी सांगितली, तुमचं नाव तेवढं घेतलं नाही. तेव्हाच कळलं." मग त्यांनी नोंदणीच्या खिडकीतला आवाज काढला, "आता येत्या रविवारी ती गाडी चालू करायची. पुढचं पुढे."

तो रविवार आला. गाडीला अजून अंग नव्हतं. पत्रा नाही, नाक नाही, दिवे नाहीत, आरसा नाही. नुसता काळा सांगाडा, पुढे लाल गाडीचं इंजिन, चार चाकं, दोन सीटा, सीटांमागे डोक्याच्या उंचीची पाइपची कमान, आणि पेट्रोलचा डबा पट्ट्याने बांधलेला. पण चालण्यापुरतं सगळं होतं. सावकाश्याने सकाळपासून चार वेळा ब्रेक तपासले. आम्ही गाडी ढकलत शेडबाहेर पटांगणात आणली. समोर चाळीस पावलांवर पाण्याची टाकी. तेवढंच जायचं होतं.

त्याने किल्ली फिरवली. इंजिन खोकलं, थांबलं, पुन्हा खोकलं आणि सुरू झालं. मी नाचलो, खोटं कशाला बोलू. वेल्डरही आला होता, त्याने मला मिठी मारली. सावकाश्या खाली, जमिनीपासून वीतभर उंचीवर, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून बसला होता.

"वहिनी, बसा," मी म्हटलं.

"आज नको," सावकाश्या पटकन म्हणाला. "आधी एकटा."

"एकट्यानेच चालवायची होती तर पर्सचं माप कशाला घेतलंत?" वहिनी म्हणाल्या. एक पाय टाकला, दुसरा टाकला, बसल्या, पट्टा लावला, पर्स मांडीवर घेतली. "चला."

त्याने क्लच दाबला. गिअर टाकला. हँडब्रेक सोडला. आणि तसाच बसून राहिला. इंजिन धडधडतंय, गाडी जागची हलत नाही. मी बघितलं, त्याचा डावा गुडघा थरथरत होता. वहिनी समोर टाकीकडे बघत होत्या, अगदी शांत, पण पर्सवरची त्यांची बोटं पांढरी पडली होती. अर्धं मिनिट गेलं असेल. वेल्डर काहीतरी बोलायला गेला, मी त्याला खुणेने गप्प केलं.

एकोणीस वर्षं मी या माणसाच्या पाठीकडे बघत काढली. कंडक्टरला ड्रायव्हरचं तोंड दिसत नाही, पाठच दिसते, आणि त्या पाठीवरून मला सगळं कळतं. तो घाबरला होता हे खरं, पण तो वाटही बघत होता. मला कळलं. आता ते माझ्यावर होतं.

मी गाडीच्या मागे जाऊन उभा राहिलो, माझ्या जागी. वाकून चाकांखाली बघितलं. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. वेल्डरला चार पावलं मागे सरकायला लावलं. वहिनींचे हात आत, पदर आत, पट्टा लागलेला. पुन्हा एकदा डावीकडे बघितलं. आयुष्यात मी इतका सावकाश कधी वागलो नव्हतो. मग खिशातला दहाचा पाना काढला आणि सीटमागच्या कमानीवर दोनदा वाजवला.

टण. टण.

सावकाश्याचे खांदे खाली आले. त्याने आरसा जिथे असायला हवा तिकडे सवयीने नजर टाकली आणि क्लच सोडला. गाडी निघाली. इतकी अलगद निघाली की वेल्डरला आधी कळलंच नाही. ती चाळीस पावलं ती गाडी माणसाच्या चालीने गेली, आणि मी तोंडावर हात दाबून उभा राहिलो. टाकीपाशी ती थांबली.

मला वाटलं आता वळेल. वळली नाही. इंजिन चालू, दोघं बसलेले, गाडी उभी. काहीतरी बिघडलं म्हणून मी धावत सुटलो. धापा टाकत पोचलो आणि विचारलं, "काय झालं?"

सावकाश्या समोरच बघत होता. त्याचा चेहरा ओला होता. वहिनी माझ्याकडे वळून म्हणाल्या, "काही नाही हो, भाऊजी. मी म्हटलं, छान झालं, आता पुढे जाऊ या. तर म्हणतात, कसं जाणार, मास्तर मागे राहिलाय."

आयुष्यभर "पुढे सरका, पुढे सरका" म्हणून घसा फोडणारा मी नुसता उभा राहिलो.

"पण सीटा दोनच आहेत," शेवटी मी म्हटलं.

"मी उतरते," वहिनी म्हणाल्या. त्यांनी पट्टा सोडला, एक पाय बाहेर टाकला, मग दुसरा. दोन्ही पाय जमिनीला टेकले. सावकाश्या मान वळवून त्यांच्या पायांकडे बघत होता. मी त्यांच्या जागी बसलो, पट्टा लावला आणि पाना उचलला. माझी सवय ती, अंगात घाई. पण हात वर गेला आणि मी थबकलो.

पर्स माझ्या आणि सावकाश्याच्या मध्ये राहिली होती. वहिनी ती घ्यायला वाकून मागे वळल्या होत्या.

मी पाना तसाच हवेत धरून बसलो. वहिनींनी पर्स घेतली, खांद्याला लावली, केस सारखे केले आणि दोन पावलं मागे सरकल्या. मी वाकून त्यांचे पाय बघितले. मग अजून एकदा बघितले.

"सावकाश," सावकाश्या म्हणाला.

मग मी पाइपवर दोनदा पाना वाजवला.